थोरलीचं नाव

माझ्या पेन्शनच्या कागदावर माझी बायको आहे त्यापेक्षा सहा वर्षांनी म्हातारी आहे. एवढ्या फरकाकडे मी आयुष्यभर ढुंकून बघितलं नव्हतं. फौजेत शिपाई म्हणून गेलो, नाईक होऊन बाहेर पडलो. दर महिन्याला कोरेगावच्या बँकेत जाऊन सही करून पेन्शन उचलली. सही, अंगठा नव्हे. चौथी शिकलोय. कागद ट्रंकेत होते, ट्रंकेची किल्ली माझ्या करगोट्याला होती, आणि घरात कुणाला मला कागदाचं विचारायची छाती नव्हती.

गेल्या पावसाळ्यात धाप लागायला लागली. घेवड्याच्या रानाचा बांध चढताना मधेच बसावं लागायचं. मी कुणाला बोललो नाही. पण माझी नात मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. लेकाची लेक. ती सुट्टीला आली, माझा श्वास लांबूनच ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला रेल्वेत घालून मिरजेला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला, अजून तपासण्या केल्या आणि फुप्फुसात गाठ असल्याचं सांगितलं. किती दिवस, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "बाबा, घरची कागदपत्रं काय असतील ती एकदा नीट लावून घ्या." फौजेत साहेबलोक असंच बोलायचे. हुकूम असायचा, पण आवाज मायेचा. मला कळलं.

माझ्या मागं बायकोला निम्मी-शिम्मी पेन्शन मिळणार, तेवढीच तिची भाकरी. लेक पुण्याला कंपनीत आहे, पण त्याचं त्यालाच पुरत नाही. आणि माझी बायको कुणापुढं हात पसरणारी नव्हे. म्हणून मी नातीला घेऊन साताऱ्याला गेलो. माजी सैनिकांचं काम बघतात तिथं. टेबलापलीकडचा माणूसही फौजेतून आलेला. त्यानं माझे कागद बघितले, बायकोचं आधार बघितलं, परत कागद बघितले.

"बाबा, आजीच्या दोन जन्मतारखा दिसतात. खरी कुठली?"

"आधारवरची. शाळेच्या दाखल्यावरनं काढलीय, नाव तेवढं लग्नातलं."

"मग फौजेच्या कागदावर सहा वर्षं आधीची कशी?"

मी म्हणालो, "ती तिच्या बहिणीची हाय."

त्यानं पेन खाली ठेवलं. नातही माझ्याकडं बघायला लागली. तिलाही हे माहीत नव्हतं. घरात कुणी बोलायचंच नाही, तर माहीत कुठून होणार?

झालं होतं ते असं. माझं लग्न दोनदा लागलं. पहिली बायको म्हणजे आताच्या बायकोची थोरली बहीण. मी नवा फौजी होतो, रजेवर येऊन लग्न केलं. आमच्यात नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. वडिलांनी नाव काढून दिलं, मी लिहिलं, तेच पलटणीच्या ऑफिसात चढलं. दोनेक वर्षांनी ती माहेरी बाळंतपणात गेली. पोरही गेलं. मला तार मिळाली तेव्हा तिची माती होऊन गेली होती.

सासऱ्यांनी धाकटी देऊ केली. त्यात वावगं काही नव्हतं, तेव्हा होत होतं तसं. अंगणातच लग्न लागलं, माणसंही थोडी. तांदळाचं ताट आलं. मी वडिलांना विचारलं, "नाव काय लिहू?" वडील म्हणाले, "हायेच की नाव. तेच लिही. पलटणीच्या कागदाला हात लावाय नगो. तुझी रजा संपत आलीया." मीही विचार केला, एक नाव कमी करा, दुसरं वाढवा, त्यापायी साहेबापुढं उभं राहायचं, मागची मेली त्याचा दाखला आणायचा, पुढचीचा आणायचा. मी तेच लिहिलं. त्याच अंगठीनं. फौजेच्या लेखी माझी बायको मेलीच नाही, आणि दुसरी आलीच नाही. पुढं रिटायर होताना जोडीचा फोटो लागला, तो धाकटीचा. नाव थोरलीचं, तारीखही थोरलीची.

मी यात चूक काही मानत नाही. तेव्हा ज्याला जसं सुचलं तसं केलं. कुणाला फसवायचं नव्हतं.

टेबलावरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, दोन वाटा आहेत. एक जवळची. आजीनं प्रतिज्ञापत्र करायचं, की बायको मी एकटीच, पयल्यापासनं मीच, जन्मतारीख तेवढी चुकून पडली. तारीख दुरुस्त होऊन येईल, लौकर होईल. दुसरी वाट खरी. पयल्या बायकोचा मृत्यूचा दाखला, दुसऱ्या लग्नाची नोंदणी, तिचं सर्टिफिकेट, मग सगळं पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला. वर्ष लागंल, जास्तबी लागंल. आणि कागद यायच्या आत..."

"मी गेलो तर?"

"तर आजीला हेलपाटे. मिळंलच असं मी सांगू शकत न्हाई."

मी जवळची वाट धरली. माझ्याकडं वर्ष नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं एकदाच विचारलं, "म्हंजी मी लिहून द्यायचं की थोरली मीच?"

"तेवढंच."

"आन थोरली नव्हतीच?"

"कागदावर ग. कागदावर."

ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात तिचं 'बघू' म्हणजे हो असतं, असं मी आजवर धरून चाललेलो.

पुढच्या आठवड्यात मिरजेला दाखवायची तारीख होती. नात म्हणाली, सांगलीच्या कोर्टाजवळ तिच्या ओळखीचे वकील आहेत, प्रतिज्ञापत्र तिथंच करू. ते तिनं टाईप करून आणूनही ठेवलं होतं. पण त्याच दिवशी सकाळी तिचं दुसरं काम होतं. तिचं लग्न ठरलेलं. मुलगा सांगलीचा, हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो. दोघांनी नोंदणीचं लग्न करायचं ठरवलं होतं, हार घालायला नंतर चार माणसं बोलवायची. नोंदणीची नोटीस देऊन झाली होती. आणि लग्नाआधी दोघांनी कुठल्याशा संस्थेत समुपदेशनाला बसायचं, असा नातीचा हट्ट. दवाखान्यात तिनं रोज मार खाऊन आलेल्या, भाजलेल्या बायका बघितलेल्या. ती म्हणायची, "आबा, आधी बोलून घेतलेलं बरं."

मी म्हणालो, "लग्न करायला शिकवणी कवापासनं लागाय लागली?"

"तुमी फौजेत गेला तवा बंदूक धरायला शिकवली का न्हाई? का एकदम हातात दिली?" ती माझ्याशी माझ्याच बोलीत बोलते, चिडवायला.

तर आम्ही दोघं म्हातारी तिथं मागच्या बाकावर जाऊन बसलो. काम संपलं की सगळ्यांनी वकिलाकडं जायचं होतं. प्रतिज्ञापत्राची पिशवी माझ्या मांडीवर होती. सांगलीच्या गावभागातली वरच्या मजल्यावरची खोली, जिना चढताना मला दोनदा थांबावं लागलं. चार-पाच जोड्या होत्या. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. आवाज चढवायच्या नाहीत, पण उत्तर आल्याशिवाय सोडायच्याही नाहीत.

त्या बाई काय विचारतील याचा मला अंदाज नव्हता. रक्त तपासून घेतलं का? राहणार कुठं? पगार कुणाच्या हातात? मूल झालं नाही तर दोघांनीही तपासायचं, का एकटीनंच? दारू किती, खरं सांगा. एक पोरगा 'कधीतरी' म्हणाला, त्याच्या शेजारच्या पोरीनं बाईंना बोटांनी खूण केली, हा कधीतरी म्हणजे रोज. सगळे हसले. पोरगा हसला नाही. ती जोडी नंतर जिन्यात उभी राहून भांडत होती. मला वाटलं, बरं झालं. हे भांडण आता झालं. नाहीतर पोर कडेवर असताना झालं असतं. मी मनातल्या मनात बाईंना मानलं.

मग बाई म्हणाल्या, "आता नावाचं. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायचं, असं कुणाकडं ठरलंय का?"

आमचा होणारा नातजावई सरळ पोरगा. म्हणाला, "आईनं नाव काढून ठेवलंय."

नात वळली. "काय काढलंय?"

"ते तांदळात लिहितानाच सांगायचं म्हणाली. सरप्राइज."

"माझ्या नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर आहे ते नाव, बँकेत आहे ते, त्यांनापण सरप्राइज देऊ?"

परत हशा झाला. बाईंनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाल्या, "ज्याला हौस असेल त्यानं बदलावं. पण बदलायलाच पाहिजे असं कायद्यात नाही. नाव तेच ठेवलं तरी लग्न तेवढंच पक्कं असतं."

माझ्या शेजारून आवाज आला. "ह्यो कायदा कवापासनं हाय?"

माझी बायको उभी राहिली होती. चारचौघांत ती कधी बोलत नाही. हळदीकुंकवालाही कोपऱ्यात बसते.

बाई म्हणाल्या, "आजी, नवा काही नाही. सक्ती पहिल्यापासूनच नव्हती."

"पयल्यापासनं?"

"हो."

"आमच्या टायमालाबी?"

"तेव्हाही."

बायको जराशी तशीच उभी राहिली. मी पदर धरून ओढला. "बस खाली. हितं पोरांचं चाललंय."

ती माझ्याकडं न बघता बाईंना म्हणाली, "मला माझ्या बहिणीचं नाव हाय. ती मेली आन ह्यांनी तेच नाव मला ठिवलं. आज वकिलाकडं जाऊन मी लिहून द्यायचंय, का ती नव्हतीच."

बाई खुर्ची घेऊन आमच्या बाकापाशी आल्या. "आजी, तुमचं माहेरचं नाव काय?"

तिनं सांगितलं. ते नाव मी किती वर्षांनी ऐकलं! तिचा बाप जिवंत होता तोवर तो त्या नावानं हाक मारायचा. तो गेल्यावर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

बाई माझ्याकडं वळल्या. "बाबा, तुम्ही यांना काय म्हणून हाक मारता?"

मी म्हणालो, "हाक कशाला माराय लागती? ती असतीच की जवळ."

मी खोटं बोललो नव्हतो. पण कुणी हसलं नाही. मागच्यावेळी हसली होती तीच पोरं आता खाली बघत होती.

बायको म्हणाली, "नावाचं मला काय बी न्हाई बाई. मला कुणी दगड म्हनलं तरी चाललं. पर नवमीला थोरलीचा घास निघत न्हाई. सासरे म्हनले, जित्या बाईच्या नावानं पान वाढायचं नसतंय. समद्यांच्या सवाष्ण गेलेल्या बाया नवमीला जेवत्यात. माझी बहीण माझ्यापायी उपाशी हाय. किती वर्षं झाली, तुमीच मोजा."

आमच्याकडं पितरांच्या पंधरवड्यात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा म्हाळ घालतात. एखादी सवाष्ण जेवू घालायची, कौलावर घास ठेवायचा, तिच्या नावानं पाणी सोडायचं. वडिलांनी ते मोडलं होतं हे खरं. मी नवमीला कधी गावात नसायचो, रिटायर झाल्यावर रानात असायचो. बायका आपसात काय करतात ते मला काय माहीत!

तिथून वकिलाकडं गेलो. कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेला. त्यानं कागद वाचून दाखवला. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' इथपासून सुरू झालं. पेन पुढं केलं. बायकोनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई."

नातजावई म्हणाला, "आजी, आता सही करून टाका. आबांचं काम होऊ दे. नाव नंतर बघू की."

"नंतर म्हंजी कवा, लेकरा? ह्ये गेल्यावर? ह्ये गेल्यावर मी कुणाची बायको म्हणून उभी ऱ्हाऊ? तिची तारीख घिऊन?"

मी म्हणालो, "माझ्या मागं खाशील काय?"

"थोरली खाती त्येच खाईन."

मी पेन वकिलाच्या टेबलावर आपटलं आणि एकटा स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो. चार पावलांत दम लागला आणि उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसावं लागलं. त्या दोघी मागून आल्या. ती आणि नात. रस कुणी घेतला नाही.

गावी आल्यावर मी तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायला मात्र वेळेवर बसायचो. ती वाढायची, मी ताटाकडं बघून जेवायचो. मला राग नावाचा नव्हता. मी मेल्यावर तिनं उपाशी राहायचं ठरवलं होतं आणि ते मला तोंडावर सांगितलं होतं, त्याचा होता. मी आयुष्यभर बाहेर राहून, बर्फात पाय कुजवून जी भाकरी बांधून आणली, ती तिनं वकिलाच्या टेबलावर ठेवून दिली.

त्या दिवसांत मला एक गोष्ट वाटायला लागली, ती सांगतो. अंगणात खाटेवर पडून मी थोरलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दोन रजांपुरतीच ती माझ्या वाट्याला आली होती. तिच्या हाताला गोंदण होतं का? ती उंच होती का बुटकी? मला आठवेना. तिचं नाव मनात घेतलं की धाकटीच पुढं यायची, भाकरी थापताना, धारेला बसलेली, जोडीच्या फोटोत डोळे मोठे करून बघणारी. ज्या बाईचं नाव मी ताटात पहिल्यांदा लिहिलं, ती माझ्यात कुठं उरलीच नव्हती. जगात तिला आठवणारं माणूस एकच होतं, आणि तेच माणूस आपल्या सहीनं तिला पुसून टाकायला तयार नव्हतं.

यावर मला बरंवाईट म्हणायचं नाही. मी उठलो आणि ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेवक पोरगी आहे, कराडकडची. तिनं दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी काय काय लागतं ते सांगितलं. लग्नपत्रिका नव्हती, छापलीच नव्हती. भटजी वारलेले. लग्नाला हजर होते असे साक्षीदार पाहिजेत म्हणाली. मी मनात एकेकाला आठवत गेलो, जो तो मेलेला. लग्नाच्या वेळचे पोरसवदा असे बायकोच्या माहेरचे दोघे निघाले, आणि आमच्या गावात एकच जिवंत, हलगी वाजवायला होता तो. आता त्याला धड ऐकू येत नाही. त्याच्या घरी जाऊन कानात ओरडून सांगितलं.

तो म्हणाला, "दोन्ही लग्नांत मीच वाजवलीय की रं. पयल्यात लय नाचली पोरं. दुसऱ्यात कुणी नाचलंच न्हाई गड्या. तुझा बा म्हनला, हळू वाजीव."

"यशील का सांगायला?"

"हळू वाजवली ह्येबी सांगू का?"

पहिलीच्या मृत्यूची नोंद तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत होती. बायको आणि तिचा चुलतभाऊ जाऊन दाखला घेऊन आले. त्या दिवशी घरात आल्या आल्या बायको दाखला माझ्या हातात देऊन मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. ओल्या केसांनी चुलीपाशी बसून राहिली. चूल पेटवली नाही. शेजारणीनं आमटी-भाकरी आणून दिली. इतक्या वर्षांपूर्वीच्या मरणाचं सुतक धरलेलं घर मी दुसरीकडं बघितलेलं नाही.

नोंदणीच्या दिवशी नात आणि नातजावईही आले होते. त्यांचं लग्न तोवर झालं होतं. नातीनं नाव बदललं नाही. तिच्या सासूनं अजून त्याचा राग धरलाय, काढलेलं नाव ती आता मांजरीला ठेवणार म्हणते. ग्रामसेवक पोरीनं दोघांची आधारं आणि बायकोचा शाळेचा दाखला घेतला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग मला म्हणाली, "बाबा, तुमच्या तोंडानं सांगा. पत्नीचं नाव?"

माझ्या तोंडून थोरलीचंच नाव आलं.

बायको खिडकीतून बाहेर शाळेच्या मैदानाकडं बघत होती. तिला ऐकू गेलं होतं. मान जराशी खाली गेली, एवढंच. हलगीवाला मोठ्यांदा म्हणाला, "काय म्हनला?" आणि कुणीच त्याला सांगेना.

ग्रामसेवक पोरगी म्हणाली, "पुन्हा सांगा, बाबा."

मी बायकोचं माहेरचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, पूर्ण. बोलताना मला ते माझ्याच तोंडात परकं वाटलं, एखाद्या शेजाऱ्याच्या बायकोचं नाव घ्यावं तसं. तिनं वळून बघितलं. हाक मारल्यावर माणूस बघतं तसं.

तिनं त्याच नावानं सही केली. शाळेत शिकलेली तेवढीच सही, अक्षरं वळणाची, लहान पोरीसारखी. पेन्शनच्या कागदांवर ती आजवर अंगठाच उठवायची. सही येत नाही म्हणून उठवते, असं मी धरून चाललो होतो.

सर्टिफिकेट आलं. सगळे कागद साताऱ्याच्या त्या माणसानं नीट लावून रेकॉर्ड ऑफिसला पाठवले. त्याला काही महिने झाले. एकदा उत्तर आलं की आणखी एक कागद पाहिजे, तो पाठवला. आता वाट बघायची. नात फोनवर सांगते, होईल आबा. मिरजेचा डॉक्टर फोटो बघून आता काही म्हणत नाही. औषध तेवढं बदलून देतो.

यंदा नवमीला आमच्या घरी म्हाळ झाला. नातीला सवाष्ण म्हणून बसवलं, खणानं ओटी भरली. घेवड्याची आमटी, वडे, खीर. बायकोनं पान काढलं आणि अंगणात जाऊन थोरलीचं नाव मोठ्यानं घेतलं. मी खाटेवर होतो. आयुष्यभर ते नाव ऐकलं की मी तिच्याकडंच बघितलेलं, तेव्हाही तिच्याकडंच बघितलं. ती कौलाकडं बघत होती.

पान वाढून आल्यावर ती माझ्या पायाशी बसली. मी विचारलं, "झालं समाधान?"

"तिचं झालं आसंल. आता तुमचं बघायचं."

"माझं काय?"

"तुमी ऱ्हावा जरा."

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा आहे. दर वर्षी पेन्शनवाल्यांनी समोर जाऊन, आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. आजवर मी ताठ उभा राहून दाखवलं. यंदा नातजावई रिक्षा आणतो म्हणालाय. मी नको म्हणालो, जमेल तेवढं चालेन. तोवर कागद आला पाहिजे. नाही आला, तर मी तरी राहिलो पाहिजे.